मिटलेले झाकण, जागे यंत्र

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या माणसाचा दिवस लोकलगाडीच्या वेळेवर सुरू होतो आणि तिच्याच वेळेवर संपतो. 2020 सालच्या मार्च महिन्यात मात्र या गाड्यांची चाके थांबली. करोनाची साथ पसरू नये म्हणून 22 मार्चच्या मध्यरात्रीपासून लोकलगाड्या बंद झाल्या, आणि 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. 15 जूनला लोकल पुन्हा धावू लागल्या, त्याही केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. त्या काळात बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील कितीतरी घरांतून कचेरीची कामे होऊ लागली. परंतु माणसे घरी असली, तरी काहींची यंत्रे कचेरीतच राहून गेली होती.

अशाच एका हिशेबनिसाची कल्पना करावी. त्याचे घर मुलुंडला, कचेरी अंधेरीला. लोकलने घाटकोपर आणि तेथून मेट्रोने अंधेरी, हा त्याचा रोजचा मार्ग. शुक्रवार, 20 मार्च रोजी सायंकाळी त्याने नित्याप्रमाणे लॅपटॉपचे झाकण मिटले व तो घरी परतला. त्या लॅपटॉपमध्ये चाळीस कामगारांच्या पगाराचा तक्ता होता. महिनाअखेर जवळ आली. तक्ता पुरा होऊन वेळेवर बँकेत गेला नाही, तर चाळीस घरांत ओढाताण होणार होती.

दुरून संगणक चालवण्याची सोय कचेरीने आधीच करून ठेवली होती. या सोयीने कचेरीतील संगणकाचा पडदा घरच्या संगणकावर दिसतो. येथे कळ दाबली, की तो संदेश इंटरनेटवरून तेथे पोहोचतो आणि तेथील यंत्र आज्ञा पाळते. हिशेबनिसाने मोठ्या आशेने संपर्क साधला. परंतु उत्तर आले नाही. पुन्हा पुन्हा प्रयत्न केला, तरी यंत्र मुकेच राहिले.

यंत्र बिघडले नव्हते. ते झोपी गेले होते. पुष्कळशा लॅपटॉपच्या झाकणात एक लहानसे चुंबक असते, आणि खालच्या भागात चुंबक ओळखणारा एक संवेदक असतो. असे अनेक संवेदक एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1879 साली लावलेल्या शोधावर चालतात. विद्युत्प्रवाह वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबक आणले, की पट्टीच्या दोन कडांमध्ये सूक्ष्म विद्युत्‌दाब निर्माण होतो, असे त्यास आढळले. झाकण मिटताच चुंबक जवळ येते, संवेदक ते ओळखतो, आणि मालकाचे काम संपले असे समजून यंत्र वीज वाचवू लागते. पडदा विझतो, गणन थांबते. केवळ स्मृती टिकण्यापुरती वीज चालू राहते. अशा यंत्रास दुरून हाक मारली, तर ती ऐकणार कोण?

निजलेल्या काही यंत्रांचे कान मात्र उघडे ठेवता येतात. तारेने जोडलेल्या संगणकास एक ठराविक संदेश पाठवला, की तो जागा होतो. त्या संदेशात आधी ठराविक खुणेचे 6 बाइट असतात, आणि नंतर त्या यंत्राच्या जोडणीचा 6 बाइटांचा पत्ता ओळीने 16 वेळा येतो. म्हणजे सारे मिळून 102 बाइट! पण ही सोय आगाऊ करून ठेवावी लागते, आणि येथे ती केलेली नव्हती.

हिशेबनिसाने कचेरीच्या इमारतीतील पहारेकऱ्यास दूरध्वनी केला. “दादा, माझ्या टेबलावरच्या लॅपटॉपचे झाकण तेवढे उघडा. वीज जोडलेली आहे ना, तेही पाहा.” पहारेकऱ्याने झाकण उघडले. पडदा उजळला. थोड्याच वेळात मुलुंडच्या घरात तो पडदा दिसू लागला. हिशेबनिसाने परवलीचा शब्द स्वतः घातला. पहारेकऱ्यास तो सांगण्याचे कारणच नव्हते. मग त्याने पहिले काम केले ते असे : ‘वीज जोडलेली असताना झाकण मिटल्यास काहीही करू नये’, अशी आज्ञा यंत्रास दिली. “आता झाकण मिटा, दादा,” तो म्हणाला. झाकण मिटले, पण या वेळी यंत्र जागे राहिले. त्या रात्री तक्ता पुरा झाला.

मिटलेल्या यंत्राकडून असे काम घेताना दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. पहिली उष्णतेची. चालते यंत्र तापते. म्हणून ते गादीवर किंवा पिशवीत न ठेवता टणक व मोकळ्या जागी ठेवावे. दुसरी काळजी दाराची. मालकास दुरून आत येता येते, त्याच वाटेने चोरही येऊ शकतो. परवलीचा शब्द भक्कम असावा, आणि दूरध्वनीवरील अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून असा मार्ग कधीही उघडून देऊ नये. अशा फसवणुकीविषयी रिझर्व्ह बँकेने 2019 साली बँकांना सावध केले होते.

लोकल थांबली, मेट्रो थांबली. तरी अंधेरीच्या एका अंधाऱ्या कचेरीत, मिटलेल्या झाकणाखाली एक यंत्र काम करीत राहिले. मात्र त्यास जागे करण्यासाठी एका जागत्या पहारेकऱ्याचा हात लागला.

अभ्यास

1. झाकण मिटल्याचे लॅपटॉपला कसे कळते?
2. हिशेबनिसाने परवलीचा शब्द पहारेकऱ्यास का सांगितला नाही?
3. ‘यंत्र बिघडले नव्हते; ते झोपी गेले होते’, या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
4. वाक्यात उपयोग करा : ओढाताण होणे, सावध करणे.