रमाईचा संसार आणि आपल्या घरातील सून



दरवर्षी ७ फेब्रुवारीला आणि २७ मे रोजी आपण विहारात जमतो. माता रमाईच्या प्रतिमेला फुले वाहतो, त्यांच्या त्यागाची गाणी ऐकतो आणि डोळे पुसत घरी येतो. घरी आल्यावर मात्र चुलीपाशी बसलेल्या आपल्या सुनेकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो? आजचा अभ्यास या एका प्रश्नासाठी आहे.

प्रथम रमाईचे चरित्र नीट समजून घेऊ. दापोलीजवळच्या वणंद गावी १८९८ साली त्यांचा जन्म झाला. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहत. आईवडील लवकर गेले आणि ही पोरकी भावंडे नातेवाइकांबरोबर मुंबईला आली. १९०६ च्या सुमारास, रात्री बाजार उठल्यावर, भायखळ्याच्या बाजारातील मोकळ्या छपराखाली त्यांचे भीमरावांशी लग्न लागले. नवरी नऊ वर्षांच्या आतबाहेरची, नवरा शाळेत जाणारा मुलगा. आज असे लग्न कायद्याने गुन्हा आहे आणि तो योग्यच आहे. मुलीचे अठरावे वर्ष पूर्ण झाल्याखेरीज तिच्या लग्नाची बोलणीसुद्धा आपल्या घरात निघता कामा नयेत.

डिसेंबर १९१२ मध्ये यशवंतराव जन्मले. फेब्रुवारी १९१३ मध्ये सुभेदार रामजी बाबांचे निधन झाले आणि त्याच वर्षी बाबासाहेब शिक्षणासाठी अमेरिकेला गेले. म्हणजे मांडीवर काही महिन्यांचे मूल, घरातला कर्ता पुरुष गेलेला आणि नवरा सातासमुद्रापार! बाबासाहेब १९१७ साली परतले, १९२० साली पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली बॅरिस्टर होऊन आले. या दोन खेपांची मिळून सुमारे सात वर्षे होतात. ही सात वर्षे रमाईंनी मुंबईतील परळच्या चाळीत, जाऊबाई लक्ष्मीबाईंच्या सोबतीने, अर्धपोटी काढली. पाच अपत्यांपैकी गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार त्यांना डोळ्यांदेखत गमवावी लागली. राजरत्न १९२६ साली गेला. २७ मे १९३५ रोजी राजगृहात रमाईंनी देह ठेवला, तेव्हा त्यांचे वय अवघे सदतीस वर्षांचे होते.

आता नीट लक्ष द्या. या चरित्रातून काही सासवा आणि काही नवरे एक सोयीस्कर धडा काढतात. "रमाईने सोसले, मग तुला काय झाले?" हे वाक्य मी कितीतरी घरांत ऐकले आहे. बंधूंनो, हा रमाईचा धडा नव्हे. रमाईचे नाव घेऊन सुनेचे तोंड बंद करणे हा रमाईचा अपमान आहे.

खुद्द बाबासाहेबांनी काय केले ते पाहा. १९२८ साली 'बहिष्कृत भारत' पाक्षिकात त्यांनी आपल्या पत्नीने परदेशी असताना संसाराचा भार कसा वाहिला आणि डोक्यावर शेणाच्या पाट्या कशा वाहिल्या, हे जाहीरपणे लिहिले. त्याच वर्षी मुंबई कायदे मंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाची भरपगारी रजा मिळावी म्हणून ते बोलले. १९४० साली 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांनी रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला आणि हलाखीच्या दिवसांतील त्यांच्या सोबतीची कृतज्ञ नोंद केली. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी लग्नाची घाई करू नका असे बजावले आणि पत्नीने नवऱ्याची मैत्रीण व बरोबरीची म्हणून उभे राहावे, दासी होऊ नये, असे सांगितले. एका स्त्रीने सोसले म्हणून साऱ्यांनी सोसावे, असे ते म्हणाले नाहीत. तिचे ऋण त्यांनी मानले आणि पुढच्या लेकींवर ती पाळी येऊ नये म्हणून झटले.

भगवान बुद्धांचा उपदेशही हाच आहे. सिगालोवाद सुत्तात पतीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : पत्नीचा सन्मान करणे, तिचा अपमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घरातील अधिकार तिच्या हाती देणे आणि तिला वस्त्रालंकार देणे. पत्नीची पाच कर्तव्ये त्यानंतर येतात. आपण मात्र पहिली पाच विसरतो आणि दुसरी पाच पाठ करून घेतो.

हे मी कोणा परक्याला सांगत नाही. माझ्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. लग्नानंतर मी बी.एड. करण्यासाठी तालुक्याच्या गावी राहिलो. त्या काळात माझी पत्नी पोटातले मूल घेऊन दुसऱ्याच्या शेतात खुरपणीला जात होती. निकालाच्या दिवशी वस्तीने मला हार घातला. ती पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिला कोणी दोन शब्द बोलले नाही, आणि मीही बोललो नाही. तो हार वाळून गेला, पण ही चूक माझ्या मनातून गेली नाही. पुढे तिची राहिलेली दहावी तिने रात्री बसून पूर्ण केली. तेव्हा भाकरी मी थापल्या. वेड्यावाकड्या झाल्या, पण मुलांनी खाल्ल्या!

भगिनींनो, तुम्हालाही एक सांगणे आहे. रमाईंचे धैर्य म्हणजे मार खाऊन गप्प बसणे नव्हे. त्यांनी उपास सोसला तो घरातल्या विद्येसाठी. तुमच्या कष्टांतून नवऱ्याचे व्यसन पोसले जात असेल तर ते सोसू नका. माहेरी सांगा, विहारात सांगा, गरज पडल्यास पोलिसांत सांगा. यात लाज कसली?

येत्या रविवारी वंदना झाल्यावर घरातल्या सर्वांनी एकत्र बसून या प्रश्नांची उत्तरे मोठ्याने द्यावीत :

१. आपल्या घरात सर्वांत शेवटी कोण जेवते?
२. घरातला पैसा कोणाच्या हाती असतो?
३. सुनेचे शिक्षण कोठे थांबले, आणि ते पुढे चालू करण्यास कोणाची हरकत आहे?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रथम सुनेने द्यावे. बाकीच्यांनी मध्ये न बोलता ऐकावे.

जय भीम!