गवती चहाची पात आणि बाटलीतले तेल

आमचे गाव कल्याण तालुक्यात आहे. आमच्या घरामागे मोरीचे पाणी जाते, तिथे आजीने गवती चहाचे ठोंब लावले आहेत. कल्याण-डोंबिवलीच्या बाजारात त्याची जुडी विकत मिळते. पाऊस सुरू झाला की आजी दोन पाती कापते, त्यांची गाठ मारते आणि आल्याबरोबर चहात टाकते. घरभर वास सुटतो.

गवती चहा हे चहाचे झाड नाही. ते एक गवत आहे. भात, ऊस आणि बांबू हे त्याचे भाऊबंद. त्याचे शास्त्रीय नाव सिंबोपोगॉन सायट्रेटस. पात चुरगाळली की लिंबासारखा वास येतो. पातीत थोडेसे तेल असते. त्या तेलाचा साधारण पाऊण भाग सिट्रल नावाचा पदार्थ असतो. वास येतो तो मुख्यतः त्याचाच.

गुरुजींनी वर्गात एक प्रयोग करून दाखवला. दोन भांड्यांत पाणी आणि पाती घालून उकळल्या. एकावर झाकण ठेवले, दुसरे उघडे ठेवले. उघड्या भांड्याचा वास खोलीभर पसरला, पण त्यातल्या पाण्याला वास कमी राहिला. म्हणजे तेल वाफेबरोबर उडून जाते. हीच वाफ थंड करून कारखान्यात तेल काढतात. केरळात ओडक्कली येथे या गवताच्या अभ्यासासाठी १९५१ साली एक केंद्र निघाले. सिट्रलपासून कारखान्यात जीवनसत्त्व ‘अ’ सुद्धा बनवता येते.

आता माझी गोष्ट सांगतो. गेल्या पावसाळ्यात काकूने बाजारातून या तेलाची छोटी बाटली आणली. डास चावू नयेत म्हणून तिने ते तेल तसेच माझ्या हातांना चोळले. थोड्या वेळाने हात लाल झाले आणि आग आग होऊ लागली. मी रडलो. आईने साबणाने हात धुतले आणि मला दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी काकूला विचारले, “चहात किती पाती घालता?” काकू म्हणाली, “दोन.” “मग या बाटलीत किती पाती असतील?” काकू गप्पच बसली.

दुसऱ्या दिवशी आम्ही ते गणित फळ्यावर केले. १ किलो ओल्या पातीतून २ ते ५ ग्रॅम तेल निघते. तर १० ग्रॅम तेलाला पात किती लागेल? उत्तर आले, २ ते ५ किलो. म्हणजे एवढ्याशा बाटलीत मोठा भारा मावलेला असतो! म्हणून पातीचा चहा आणि बाटलीतले तेल ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे तेल औषध आहे का? प्रयोगशाळेत काचेच्या बशीत या तेलाने काही जंतू आणि बुरशी मरतात, हे खरे आहे. पण काचेची बशी म्हणजे माणसाचे पोट नव्हे. जंतू तर साबणानेही जातात, म्हणून आपण साबण खातो का?

ब्राझील देशातही हा चहा पितात. तिथे लोक म्हणत की याने छान झोप लागते. शास्त्रज्ञांनी ५० माणसांवर परीक्षा केली. खरा चहा कोणता आणि खोटा कोणता, हे पिणाऱ्याला कळू दिले नाही, देणाऱ्यालाही नाही. १९८६ साली निकाल छापून आला. झोपेत काहीच फरक पडला नव्हता! पण दोन आठवडे रोज चहा पिऊनही कोणी आजारी पडले नाही. म्हणजे चहा चांगला, पण तो जादू नाही.

आजी म्हणते, “ताप आला की गवती चहा प्यावा.” प्यावा, गरम गरम बरे वाटते. पण आपल्याकडे पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू, लेप्टो असे ताप येतात. ते चहाने बरे होत नाहीत. ताप आला की दवाखान्यात जाऊन रक्त तपासावे. आता आजीसुद्धा “आधी दवाखाना” म्हणते.

लक्षात ठेवा :
१) तेल कधीही पिऊ नये. बाटली लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी उंच ठेवावी. औषधाच्या रिकाम्या बाटलीत तेल भरू नये.
२) कुणी चुकून प्यायले तर उलटी करवू नये. बाटली बरोबर घेऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.
३) तेल अंगाला तसेच लावू नये. डोळ्यांना लावूच नये. लहान मुलांना आणि पोटुशी बाईला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.
४) तेलाचा वास लवकर उडतो, मग डास परत येतात. मच्छरदाणी बरी.

सांगा पाहू :
१) गवती चहाचे भाऊबंद कोण?
२) २० ग्रॅम तेलाला पात किती लागेल?
३) तुमच्या घरात तेलाची बाटली कुठे ठेवली आहे? आजच घरी जाऊन बघा.

— इयत्ता ४ थी