पाच गावे आणि दगडी बांध

इटलीच्या वायव्य भागात, लिगुरिया प्रांतात, भूमध्य समुद्राकाठच्या उभ्या डोंगरांना बिलगून पाच चिमुकली गावे वसली आहेत. मोंतेरोसो, व्हेर्नात्सा, कोर्निलिया, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही त्यांची नावे. निळे पाणी, रंगीबेरंगी घरे आणि लख्ख ऊन यांच्या ओढीने उन्हाळ्यात देशोदेशींचे प्रवासी तेथे लोटतात.

परंतु या सौंदर्यामागे कष्टाळू हातांची पुण्याई आहे. तेथे सपाट जमीन फारच थोडी. म्हणून शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चुन्यावाचून नुसते दगडांवर दगड रचून बांध घातले, डोंगरांना पायऱ्यांचे रूप दिले आणि त्यांवर द्राक्षे व ऑलिव्ह पिकविले. १९९७ साली युनेस्कोने या मुलुखाचा जागतिक वारशात समावेश केला.

पुढे अनेकांनी कष्टाची शेती सोडली. दुरुस्तीवाचून बांध ढासळू लागले. बांध ढासळला, की माती मोकळी होते. २५ ऑक्टोबर २०११ रोजी मुसळधार पाऊस कोसळला आणि डोंगरावरील चिखल व दगड व्हेर्नात्सा आणि मोंतेरोसो या गावांत शिरले. प्राणहानीही झाली. गावकऱ्यांनी धीर न सोडता गाळ उपसला व गावे पुन्हा उभी केली.

तेथे जाणाऱ्याने समुद्र डोळे भरून पाहावाच. पण क्षणभर मागे वळून त्या बांधांकडेही पाहावे. डोंगराची माती त्यांनीच धरून ठेवली आहे.