पहिला कॅमेरा, तोही जुना

दहावी-बारावीचे निकाल लागले की आणि दिवाळीचा बोनस हातात पडला की माझा फोन वाजायला लागतो. "काका, कॅमेरा घ्यायचाय. कुठला घेऊ?" मी विचारतो, बजेट किती? पलीकडून उत्तर येतं, पन्नास. मी म्हणतो, मग पंचवीसचा घे. त्यानंतर फोनवर जी शांतता पसरते तिची मला आता सवय झाली आहे. सिंधुदुर्गात राहून, नोकरी सांभाळून, हौसेने फोटो काढताना जे पटत गेलं ते इथे क्रमाने मांडतो.

१. आधी मोबाइलमधली गॅलरी बघा

कॅमेऱ्याचं मॉडेल शोधण्याआधी आपल्याच फोनमधले गेल्या वर्षीचे फोटो सावकाश चाळा. घरातली माणसं जास्त आहेत, देवळं आणि जत्रा आहेत, की दूरच्या फांदीवरचा ठिपक्याएवढा धनेश आहे? तुम्हाला कशाचे फोटो काढायचे आहेत ते तिथे आधीच ठरलेलं असतं. पक्षी हवे असतील तर निम्म्याहून जास्त पैसे लांब पल्ल्याच्या लेन्सवर जातील, आणि किमान २५०-३०० मिलिमीटरची लेन्स नसेल तर हौस महिनाभरात विरते. माणसं हवी असतील तर काम बरंच स्वस्तात होतं. रील आणि व्हिडिओ हेच मुख्य असेल, तर पुढे मी जे जुन्या कॅमेऱ्यांबद्दल सांगणार आहे ते तुमच्यासाठी नाही.

२. बजेट म्हणजे बॉडीची किंमत नव्हे

पन्नास हजार असतील तर वीस-पंचवीस हजारांत किट लेन्ससह सेकंड हँड डीएसएलआर, दहा हजारांच्या आसपास एक प्राइम, म्हणजे झूम नसलेली, लेन्स, आणि तीन-चार हजारांत कार्ड, जादा बॅटरी, हवाबंद डबा आणि साधी बॅग. उरलेले पेट्रोलला आणि एसटीला. शेवटचा खर्च मी गमतीने टाकलेला नाही. सगळे पैसे बॉडीत घालून बसलेला माणूस घराच्या गच्चीवरून सूर्यास्त काढत बसतो, कारण मालवणला जायला खिशात काही उरत नाही. हप्त्यावर कॅमेरा घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. हप्ते चालू असले की कॅमेरा समुद्रावर न्यायचा जीव होत नाही.

३. जुनी डीएसएलआरच का

कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०१८ मध्ये आपल्या मोठ्या सेन्सरच्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांच्या मालिका आणल्या आणि तिथून बाजार त्या बाजूला कलला. हौशी मंडळींनी आणि स्टुडिओवाल्यांनी जुन्या बॉड्या विकायला काढल्या. त्या कॅमेऱ्यांची फोटो काढण्याची ताकद मात्र तेवढीच राहिली. निकॉनची डी५३०० ही २०१३ ची बॉडी, तिचा सेन्सर २४ मेगापिक्सेलचा. म्हणजे ६००० बाय ४००० ठिपके, ज्यातून वीस बाय तेरा इंचांची स्वच्छ प्रिंट निघते. एवढी मोठी प्रिंट घरात लावायला भिंत कुणाकडे मोकळी आहे? निकॉन डी३५००, कॅनन २००डी, ७५०डी हे सगळे याच पंगतीतले.

मिररलेस सरस आहे हे मान्य. डोळा ओळखून फोकस पकडणं, फोटो काढण्याआधीच उजेड-अंधार पडद्यावर दिसणं, व्हिडिओ, या तिन्हींत जुना कॅमेरा मागे पडतो. पण नव्या मिररलेसची सुरुवातच पन्नास हजारांच्या आसपास होते आणि त्यात लेन्स मिळते ती किटचीच. डीएसएलआरची बॅटरी एका चार्जवर अख्खी जत्रा पुरते, हा मला पडलेला जास्तीचा मोह.

४. सेकंड हँड घेताना लाजू नका

मुंबईत फोर्टमधला बोरा बाजार हा कॅमेऱ्यांचा जुना बाजार, सीएसएमटीपासून चालत जाण्याइतका जवळ. तिथे घ्या किंवा ओळखीतून घ्या, "सर, एकदम मिंट आहे, फक्त घरगुती वापर" हे वाक्य दोन्हीकडे ऐकू येतं. ऐकायचं, मान डोलवायची आणि तपासणी सुरू करायची. स्वतःचं कार्ड बरोबर न्यावं.

पहिली गोष्ट शटर काउंट. डीएसएलआरचं शटर हा हलणारा भाग आहे, तो झिजतो. साध्या बॉड्यांचं शटर साधारण एक लाख क्लिकच्या हिशेबाने केलेलं असतं. लग्नाच्या ऑर्डरी घेणारा माणूस एका लग्नात दोन-अडीच हजार क्लिक सहज मारतो, तेव्हा दोन सीझन वापरलेली चकचकीत बॉडी कुठवर आली असेल ते तुम्हीच काढा. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेला असतो, त्यामुळे एक फोटो काढून तो वाचणाऱ्या वेबसाइटवर टाकला की झालं. कॅननच्या बहुतेक साध्या बॉड्या तो फाइलमध्ये लिहीत नाहीत. तिथे पट्टा अडकवायच्या कड्यांची झीज, बटणांवरची पुसलेली अक्षरं आणि हातात धरायच्या जागेचं सुटलेलं रबर बघून अंदाज बांधावा लागतो.

दुसरी गोष्ट सेन्सर. छिद्र एफ २२ वर आणून, फोकस मुद्दाम बिघडवून पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. राखाडी ठिपके दिसले तर ती धूळ. धूळ साफ होते, म्हणून तिच्या नावावर पाचशे-हजार कमी करून घ्यावेत. रेघ दिसली तर तो ओरखडा असू शकतो. मग कॅमेरा परत द्यावा.

तिसरी आणि आमच्या बाजूला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लेन्स. मोबाइलचा टॉर्च मागून धरून पुढून तिरकस बघा. आत बारीक, फांद्या फुटलेले धागे दिसले तर ती बुरशी, म्हणजे फंगस. "साफ करून देतो" या आश्वासनाला भुलू नका. काचेचा वरचा थर तिने खाल्ला असेल तर तो परत येत नाही.

बाकी सगळी बटणं, दोन्ही चाकं आणि फ्लॅश एकदा चालवून बघावेत, बॅटरी फुगलेली नाही ना ते पाहावं आणि बिलावरचा सीरियल नंबर बॉडीखालच्या नंबराशी जुळवावा. बिलच नसेल तर कितीही स्वस्त असो, मी घेत नाही. चोरीचा माल ओळखायची दुसरी सोपी रीत मला माहीत नाही.

५. दशावताराने शिकवलेली लेन्स

कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की आमच्याकडे रात्रभर दशावताराचं नाटक. देवळासमोर मांडव, त्यात दोन-चार दिवे, आणि नट एका जागी उभा राहील तर शपथ. हलत्या माणसाला धरायला शटर निदान एका सेकंदाच्या सव्वाशेव्या भागाइतकं तरी हवं. किट लेन्स, म्हणजे १८-५५, पुढे ओढली की तिचं छिद्र एफ ५.६ च्या वर उघडत नाही. मग आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १२८०० पर्यंत चढवावा लागतो आणि राजाच्या चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात.

आता त्याच बॉडीवर ५० मिलिमीटर, एफ १.८ ची प्राइम लावा. ५.६ आणि १.८ यांत प्रकाशाचा फरक जवळजवळ दहापट आहे. आयएसओ १६०० च्याही खाली येतो. त्याच जागेवर बसून, त्याच नटाचा फोटो. बॉडी बदलून एवढा फरक पाडायला किती पैसे लागले असते याचा हिशेब एकदा करून बघावा. कॅननची ५० एफ १.८ एसटीएम किंवा निकॉनची ३५ एफ १.८ डीएक्स, दोन्ही पहिल्या लेन्स म्हणून उत्तम. छोट्या सेन्सरच्या बॉडीवर ५० ची लेन्स ७५-८० सारखी वागते. जत्रेत ते सोयीचं पडतं. घरातल्या स्वयंपाकघरात मात्र मागे सरकता सरकता पाठ फ्रिजला लागते. घरच्यांचेच फोटो काढायचे असतील तर ३५ घ्यावी.

जत्रेतल्या आणखी दोन गोष्टी इथेच सांगून टाकतो. एलईडीच्या उजेडात फोटोवर आडवे पट्टे आले तर सव्वाशेचा हट्ट सोडून शटर १/१०० किंवा १/५० वर आणा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो आणि या दोन वेगांशी त्याचा मेळ बसतो. आणि दशावतारातला संकासुर आला की त्याचा काळा वेष पाहून कॅमेरा फसतो, सगळं राखाडी करून टाकतो. तेव्हा एक्सपोजर एक घर खाली घ्यावं.

६. निकॉनवाल्यांसाठी एक इशारा

जुन्या बाजारात निकॉनची ५० एफ १.८ डी ही लेन्स फार स्वस्तात दिसते. तिच्यात फोकसची मोटर नाही, ती बॉडीत असावी लागते. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉड्यांत ती नसते. लेन्स बसेल, फोटो निघेल, पण फोकस हाताने फिरवावा लागेल.

७. साठपट झूम

दुकानदार एकाच कॅमेऱ्यात चंद्र आणून दाखवतो, आणि गिऱ्हाईक घायाळ. अशा न बदलता येणाऱ्या लेन्सच्या बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर जेमतेम सहा मिलिमीटर रुंद असतो, डीएसएलआरचा बावीस-तेवीस. भर उन्हात पक्षी ठीक येतो. संध्याकाळी नाही.

८. पावसाळा

देशावरच्या मित्रांना हा मुद्दा किरकोळ वाटतो. आमच्याकडे जूनपासून चार महिने हवेतली आर्द्रता नव्वदीच्या घरात असते, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे लेन्सची काय कथा. महागडं ड्राय कॅबिनेट घ्यायला हवंच असं नाही. रबराची कडा असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल, आणि दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रता दाखवणारा छोटा काटा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावा. फार खाली नेऊ नये, रबर आणि वंगण सुकतं. रंग बदलणारं जेल घ्या म्हणजे ते भिजल्याचं कळतं. मंद आचेवर तापवलं की परत कामाला येतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचा क्षार असतो, म्हणून ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. केशरी रंगाचं मिळतं, ते बरं.

तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवायचा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या, पिठी आत जाते. कॅमेऱ्याबरोबर येणारी चामड्याची केसही पावसाळ्यात रिकामीच ठेवा, चामडं ओल धरतं. सगळ्यांत बिनखर्चाचा उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा तरी लेन्स बाहेर काढून वापरणं. बंद अंधारात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी लवकर धरते.

घाटावर जाल तेव्हा शत्रू वेगळा. जेजुरीचा भंडारा आणि जोतिबाचा गुलाल फोटोत देखणा दिसतो, पण लेन्सच्या नळीत शिरला की निघत नाही. पारदर्शक पिशवीला लेन्सपुरतं भोक पाडून रबरबँड लावावं, आणि काही झालं तरी तिथे लेन्स बदलू नये.

९. सुरुवात घरातून

दादासाहेब फाळके १९१२ साली विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. पॉलिसी गहाण टाकण्याचा भाग आपण सोडून देऊ. पण एवढ्या कष्टाने आणलेल्या कॅमेऱ्याने त्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी काय टिपलं, तर कुंडीतलं वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते, थोडं थोडं, दिवसामागून दिवस. नवा कॅमेरा हातात आल्यावर कास पठार, भिगवणचे रोहित, वारी अशी यादी करणाऱ्या पोरांना मी हे आवर्जून सांगतो. खिडकीशी बसून आजी तांदूळ निवडत असेल तर तो उजेड सकाळी कसा असतो, दुपारी कसा होतो, एवढं महिनाभर काढलंत तरी पुष्कळ.

आणि मॅन्युअल मोडचा बाऊ करू नका. छिद्र आपण ठरवायचं, शटर कॅमेऱ्याने, हा मोड मी आजही बहुतेक वेळ वापरतो. निकॉनवर तो 'ए', कॅननवर 'एव्ही'. छायाचित्रकार होमाई व्यारावाला रोलिफ्लेक्स कॅमेरा वापरायच्या. त्याची लेन्स एकच, झूम नाही, आणि एका रोलमध्ये फोटो बारा. एखाद्या रविवारी झूमला हात न लावता बाराच क्लिक मारून घरी यायचं असं ठरवून बघा.

१०. फोटो परत द्या

मालवणच्या बाजारात मासे विकणाऱ्या एका मावशीने मला सरळ विचारलं होतं, "फोटो काढतस, पण माका देतलस काय?" प्रश्न रास्त होता. चार बाय सहाची प्रिंट पंधरा-वीस रुपयांत निघते. पुढच्या खेपेला ती नेऊन दिली, त्यानंतर त्या रांगेत मला कधी कुणी अडवलं नाही. नुसतं "व्हॉट्सअॅप करतो" म्हणणाऱ्यांचा अनुभव वेगळा असतो.

११. कार्ड

ओळखीच्या दुकानातूनच घ्या, बनावट फार आहेत. ६४ जीबीचं पुरे. २४ मेगापिक्सेलची एक रॉ, म्हणजे कच्ची, फाइल २५-३० एमबीची, म्हणजे दोन हजारांच्या आसपास फोटो मावतात. घरी आल्यावर दोन ठिकाणी उतरवल्याशिवाय कार्ड पुसू नका. रॉ फाइल धुण्यासाठी डार्कटेबल फुकट मिळतं. शिकायला वेळ लागतो, पण पावसाळा मोठा असतो.

१२. दुसरा कॅमेरा कधी

"हा कॅमेरा आता पुरत नाही" असं वाटलं की काय पुरत नाही ते एका वाक्यात लिहून काढा. "अंधारात दाणे येतात" असं आलं तर लेन्स बघा. "पक्षी लहान दिसतो", तरी लेन्सच. "रात्री फोटो हलतो" असेल तर ट्रायपॉड घ्या, फक्त पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये तो लावायला परवानगी लागते हे लक्षात ठेवा. "पळत्या मुलाच्या डोळ्यावर फोकस टिकत नाही" किंवा "व्हिडिओत फोकस शोधत बसतो" असं वाक्य आलं तर मात्र मिररलेसचे पैसे साठवायला घ्या. जुनी बॉडी जुन्याच भावात घेतलेली असेल तर विकताना फारसा फटका बसत नाही. कॅननच्या डीएसएलआरच्या लेन्स तर अॅडॉप्टर लावून त्यांच्या नव्या मिररलेसवरही चालतात, त्या विकायची घाई करू नका.