डिजिटल सहीचा सातबारा व त्याची पारख

उताऱ्यावर तलाठ्याची सही व शिक्का असला कीं तो खरा, ही आपली जुनी समजूत. परंतु शिक्का कोरविणें व सहीची नक्कल करणें हीं कामें अवघड नव्हत, हें खोट्या उताऱ्यापायीं ज्यांनीं नुकसान सोसलें त्यांस सांगावयास नको. महाराष्ट्र शासनानें २०१८ सालीं डिजिटल सहीचा सातबारा देण्यास आरंभ केला. त्याची पारख कशी करावी, ह्याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

डिजिटल सही म्हणजे सहीचें चित्र नव्हे. दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याच्या नांवें दोन किल्ल्यांची जोडी असते; ह्या किल्ल्या म्हणजे गणितानें जोडलेल्या मोठ्या संख्या. एक गुप्त, दुसरी सर्वांस उघड. दाखल्याच्या मजकुरावरून एक संक्षिप्त संख्या काढून तिच्यावर गुप्त किल्लीनें खूण करितात. उघड किल्लीनें ती खूण कोणासही तपासतां येते, पण नवी करितां येत नाहीं. मजकुरांत ४० आरचे ६० आर केले, तर खूण जुळत नाहीं व लबाडी उघडी पडते. उघड किल्ली त्याच अधिकाऱ्याची आहे, अशी ग्वाही परवाना असलेली प्रमाणन संस्था देते. अशा सहीस २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें मान्यता दिली आहे.

मात्र ही खूण संगणकांतील मूळ दस्तऐवजांत असते. छापील कागदावर ती उतरत नाहीं. ‘डिजिटल सही’ हीं अक्षरें कोणीही छापील. म्हणून छापील उतारा हातीं आल्यास त्यावरील पडताळणी क्रमांक महाभूमीच्या संकेतस्थळावर घालावा व तेथें दिसणारा उतारा हातांतील कागदाशीं ओळीनें ओळ ताडून पाहावा.

दुसरें असें कीं, सही खरी म्हणून आजची स्थितिही तीच, असें समजूं नये. उतारा हा ज्या दिवशीं काढला त्या दिवसाचाच साक्षी होय. मागाहून जमिनीवर बोजा चढला किंवा वारसाची नोंद झाली, तर जुना उतारा खरा असूनही फसवितो. सबब जमीन खरेदी करतांना विकणाऱ्याच्या उताऱ्यावर न विसंबतां स्वतः नवा काढावा, आणि ‘आपली चावडी’वर फेरफाराची नोटीस लागली आहे काय, हेंही पाहावें.

तिसरी गोष्ट दाखला दाखविणाराची. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेनें २०१९ सालीं पडताळतां येणाऱ्या डिजिटल दाखल्यांचा नमुना ठरविला. त्यांत धारकास आपल्या दाखल्यांतील हवा तेवढाच भाग दाखविण्याची सोय होऊं शकते. आपणही हेंच धोरण ठेवावें. आधारची झांकलेली प्रत मिळते. तींत १२ पैकीं शेवटचे ४ आंकडेच दिसतात. केवळ ओळख पटवावयाची असेल तेथें तीच द्यावी. मोबाईलवर येणारा ओटीपी तर परक्यास सांगूंच नये. तो सांगणें म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा उठविणें होय.

सहकारी सोसायट्यांनीं कर्जाच्या अर्जासोबत आलेला प्रत्येक उतारा सभासदासमोर पडताळण्याचा परिपाठ ठेवावा, अशी आमची सूचना आहे. ह्या कामास थोडा वेळ पुरतो. जमिनीच्या दाव्यांत मात्र पिढी खर्ची पडते.