उजेड आणि अंधार यांचा मेळ

प्रस्तावना

कार्ले येथील चैत्यगृहात स्तूपाजवळ उभे राहून प्रवेशद्वाराकडे पाहिले, की दर्शनी भागातील नालाकृती गवाक्षाचा प्रखर उजेड दिसतो, तसेच खांबांच्या माथ्यावरील, सावलीत दडलेली शिल्पेही दिसतात. मात्र त्याच जागेवरून एकच छायाचित्र काढले, तर बहुधा दोहोंपैकी एक गमवावे लागते. गवाक्ष स्पष्ट आले, तर खांब काळेठिक्कर होतात. खांब उजळले, तर गवाक्षाच्या जागी केवळ पांढरा डाग उरतो. ही उणीव का निर्माण होते आणि ती कशी भरून काढता येते, याची माहिती या पाठात दिली आहे.

डोळा आणि कॅमेरा

मानवी डोळा ज्या भागाकडे वळतो, तेथील उजेडाशी जुळवून घेतो. अशा अनेक क्षणिक दर्शनांतून मेंदू एक संपूर्ण दृश्य घडवतो. कॅमेऱ्याला ही सवलत नसते. शटर जितका वेळ उघडे राहील, तितकाच वेळ उजळ आणि अंधाऱ्या अशा सर्व भागांना मिळतो. छायाचित्रासाठी कॅमेऱ्यात घेतलेल्या प्रकाशाच्या या मात्रेला ‘एक्स्पोजर’ म्हणतात.

जुनी अडचण, जुना उपाय

१८५० च्या दशकात छायाचित्रणासाठी काचेच्या ओल्या प्लेटा वापरल्या जात. त्यांवर निळ्या प्रकाशाचा परिणाम फार लवकर होई. त्यामुळे समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश कोरे पांढरे होऊन जाई. फ्रेंच छायाचित्रकार ग्युस्ताव ल ग्रे यांनी आपल्या काही सागरदृश्यांसाठी समुद्राची एक आणि आकाशाची दुसरी अशा दोन निगेटिव्ह घेतल्या व क्षितिजरेषेवर जोडून त्या एकाच कागदावर छापल्या. पाहणारे थक्क झाले. परंतु त्यांच्या एकाहून अधिक चित्रांत तेच आकाश आढळते. म्हणजे दृश्य सुंदर असले, तरी ते समुद्र आणि ते आकाश एकाच क्षणी एकत्र होतेच, असे नाही.

संगणकाची जोड

१९९७ मध्ये अमेरिकेतील बर्कले येथील पॉल डेबेवेक आणि कानपूरच्या आयआयटीत शिकलेले जितेंद्र मलिक यांनी एक पद्धत मांडली. एकाच दृश्याची निरनिराळ्या एक्स्पोजरची छायाचित्रे घेऊन त्या दृश्यातील प्रत्येक बिंदूच्या उजेडाचे परस्परप्रमाण संगणकाने काढता येते, हे त्यांनी दाखवले. अशा चित्राला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एचडीआर’ म्हणतात. आज अनेक मोबाइल फोन एका स्पर्शात अनेक छायाचित्रे टिपून ती आपोआप एकत्र करतात.

प्रत्यक्ष कृती

कॅमेरा तिपाईवर पक्का बसवावा. संरक्षित स्मारकात तिपाई वापरण्यापूर्वी परवानगीविषयी चौकशी करावी. भिंगाचे छिद्र, फोकस आणि आयएसओ बदलू नयेत. केवळ शटरचा वेळ बदलावा. उदाहरणार्थ, पहिले छायाचित्र १/६० सेकंदाचे, दुसरे १/१५ सेकंदाचे आणि तिसरे १/४ सेकंदाचे घेता येईल. प्रत्येक वेळी प्रकाश सुमारे चौपट होतो. पहिल्यात गवाक्षाचा तपशील टिकावा आणि शेवटच्यात खांबांवरील शिल्पे उमटावीत, ही कसोटी होय. तेवढ्याने भागले नाही, तर १ सेकंदाचे चौथे छायाचित्र घ्यावे.

त्यानंतर संगणक ही छायाचित्रे एकमेकांवर तंतोतंत बसवतो आणि प्रत्येक ठिकाणी ज्या छायाचित्रात तपशील उत्तम उमटला असेल, त्याला अधिक महत्त्व देतो. उजेड-अंधाराची ही मोठी कक्षा कागदावर किंवा साध्या पडद्यावर जशीच्या तशी मावत नाही. म्हणून ती प्रमाणशीर आवळावी लागते. मध्येच कोणी चालत गेले, तर त्या व्यक्तीची पुसट, दुहेरी आकृती उमटते.

संयमाची गरज

या तंत्राचा मोह मोठा आहे. प्रत्येक कोपरा उजळला, तर लेणे बाजारातील झगमगीत दुकानासारखे दिसू लागते. शिल्पाची खोली सावलीमुळेच कळते. सावली पुसली, की दगड सपाट होतो. ल ग्रे यांनी वेगवेगळ्या वेळची दृश्ये जोडली. येथे मात्र एकाच जागेचा, जवळजवळ एकाच वेळचा उजेड एकत्र येतो. म्हणूनच अशा छायाचित्राकडून सत्याची अपेक्षा अधिक असते. अंधारातील शिल्प दिसावे, पण तेथे अंधार होता हेही कळावे, एवढे भान छायाचित्रकाराने राखले पाहिजे.

पाठगत प्रश्न

१. एकाच छायाचित्रात गवाक्ष आणि खांब दोन्ही स्पष्ट का येत नाहीत?
२. छायाचित्रे घेताना कोणत्या गोष्टी बदलू नयेत?
३. ल ग्रे यांची पद्धत आणि एचडीआर यांतील फरक तीन वाक्यांत लिहा.
४. ‘सावली पुसली, की दगड सपाट होतो’ या विधानाचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगा.