अर्ज तुझ्या हातचा असू दे

बेगम बाजार, हैदराबाद
रविवार

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

काल शेजारच्या मसालेवाल्यांचा मुलगा सहज बोलून गेला, की अमीरपेठेत कुणी पैसे घेऊन परदेशच्या अर्जाचे निबंध लिहून देतो आणि दिवाळीत 'तुमची मुलगीही' तिथे जाऊन आली. तेव्हापासून माझं हिशोबात लक्ष नाही. परातींचं वजन दोनदा चुकलं. हे खोटं असेल तर पत्र फाडून टाक आणि म्हाताऱ्याला माफ कर.

खरं असेल तर मात्र ऐक. शाळेतल्या पोरांचं मन ओळखायला शिकणार म्हणतेस आणि पहिलंच पान दुसऱ्याच्या हातचं? आपलं गिऱ्हाईक तांब्या घेताना टिचकी मारून बघतं. चीर गेलेला तांब्या कितीही चकचकीत असो, बद्दच वाजतो. मुलाखत म्हणजे टिचकीच.

तूच समजावलं होतंस, अमेरिकेत हा शालेय मानसशास्त्राचा स्पेशलिस्टचा कोर्स साधारण तीन वर्षांचा. त्यात १२०० तासांची इंटर्नशिप, त्यातले निदान ६०० तास शाळेत. तिथल्या शालेय मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या मते ५०० मुलांमागे एक मानसशास्त्रज्ञ असावा. आमच्या वर्गात साठ पोरं होती आणि मानसशास्त्रज्ञ म्हणजे मास्तरांची छडी.

तुझ्या बाबांचा गृहपाठ मी लिहायचो, हे घरात विनोद म्हणून सांगतात. विनोद नव्हता गं तो. त्याला 'घ' कुठला नि 'ध' कुठला कळायचं नाही, वाचताना ओळ हरवायची. त्याचा मार चुकावा म्हणून दोन वर्षं मी त्याच्या वहीत लिहिलं. अक्षर माझं, म्हणून वही स्वच्छ. वही स्वच्छ, म्हणून त्याची अडचण कुणाला दिसलीच नाही. परीक्षेच्या बाकावर तो एकटाच होता. आठवीत शाळा सुटली. आज अख्ख्या गोदामाचे भाव तो तोंडी सांगतो आणि पावती लिहायची वेळ आली की चष्मा विसरल्याचं सोंग करतो. त्या अडचणीला अध्ययन अक्षमता म्हणतात आणि तिला दिव्यांगांच्या कायद्यात जागा मिळाली २०१६ साली. तोवर त्याचे केस पिकले होते.

म्हणून त्या अमीरपेठवाल्याचं ऐकून माझ्या पोटात गोळा आला. दुसऱ्यासाठी लिहिणारा हात मीच होतो. चांगल्या मनानं लिहिलं, पण त्यात भाऊच झाकला गेला.

बरं, रागावलो. इंग्रजीची धास्ती वाटली असेल, आपल्या घरात कुणी असले अर्ज भरलेत? व्याकरण कुणाकडूनही तपासून घे, त्यात कमीपणा नाही. मजकूर मात्र तुझा हवा. चार वाक्यं वेडीवाकडी असली तरी चालतील. शिफारसपत्रं तुझं काम पाहिलेल्या बाईंकडूनच घे, मोठ्या नावामागे धावू नकोस. परत येऊन इथे काम करायचं मनात असेल, तर रिहॅबिलिटेशन कौन्सिलच्या नोंदणीचं काय, ते आताच विचारून ठेव. काम इथेही आहे. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील त्या संस्थेने समुपदेशक नेमावा, असं सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये सांगितलंय. पण ते पुढचं पुढे. आधी ते एक पान तू स्वतः लिही.

आणि कशावर लिहू, असं मला विचारू नकोस. तुला ठाऊक आहे. काल रात्री तुझ्या बाबांना विचारलं, "पोरीनं तुझ्याबद्दल लिहिलं तर चालेल का रे?" बराच वेळ डबे पुसत बसला. मग म्हणाला, "लिहू दे. पण मला वाचून दाखव म्हणावं."

फीचे पैसे बाजूला काढून ठेवलेत. दुकान नऊला बंद होतं. त्यानंतर फोन कर आणि त्याला वाचून दाखव.

तुझे,
थोरले काका